ठिणगी धरणारं कोळसा-कापड : घरच्या डबीत, सोलापुरी चिंध्यांचं

माळरान (धागाकर्ता)

हुरड्याचा हंगाम तोंडावर आलाय. मोहोळकडच्या आमच्या शेतात आगटी गारगोटी आणि पोलादानं पेटवायची पद्धत आम्ही पुन्हा सुरू केली आहे. ते बघून गेलेला प्रत्येक जण एकच विचारतो : ठिणगी धरली कशानं, त्या काळ्या चिंधीत काय होतं? फोनवर सांगताना नेमकं महत्त्वाचंच राहून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

त्या चिंधीत रॉकेल नव्हतं, कापूर नव्हता, सोराही नव्हता. साधं सुती कापड, हवा लागू न देता डबीत भाजलेलं, एवढंच. परदेशी व्हिडिओंमध्ये त्याला 'चार क्लॉथ' म्हणतात (इंग्रजीत 'चार' म्हणजे भाजून कोळसा करणं), आम्ही कोळसा-कापड म्हणतो.

आत काय घडतं ते आधी समजून घ्या, मग कृती पाठ करावी लागत नाही. कापूस म्हणजे जवळजवळ सगळं सेल्युलोज. उघड्यावर पेटवलं की ते जळून चिमूटभर राख उरते. बंद डबीत तापवलं तर आत जळायला प्राणवायूच नसतो. साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला सेल्युलोज फुटायला लागतं. त्यातून पाण्याची वाफ, डांबरट धूर आणि जळाऊ वायू निघून जातात, आणि मागे उरतो कार्बनचा सांगाडा, कापडाच्या विणीसकट. भडकणारा भाग आधीच निघून गेल्यामुळे या कापडाला जाळ येत नाही, ते नुसतं निखाऱ्यासारखं फुलतं. धागे सच्छिद्र असतात, त्यांना सगळीकडून हवा मिळते, आणि पोलादाची मोहरीहून बारीक ठिणगीसुद्धा त्यांना पुरते. कच्च्या कापसावर किंवा वाळल्या गवतावर पडलेली तीच ठिणगी जागच्या जागी विझते.

म्हणजे सगळं कसब एका गोष्टीत आहे : वायू बाहेर पडला पाहिजे आणि हवा आत जाता कामा नये. डबी निवडायची ती हे बघूनच.

आमची पहिली पसंती बूट पॉलिशच्या पत्र्याच्या डबीला. झाकण घट्ट बसतं, पण दाब वाढला तर उडू शकेल इतकं सैलही असतं, आणि हेच हवं. आतलं पॉलिश पूर्ण खरवडून, पुसून काढायचं आणि डबी एकदा रिकामीच निखाऱ्यावर ठेवायची. मेणाचा अंश आणि वरचा रंग जळून जातो. त्याला घाण वास येतो, म्हणून हे काम अंगणात नाहीतर रानात. रिकामी डबी तापवताना झाकण शेजारी काढून ठेवा.

पेपरमिंटच्या गोळ्यांची बिजागरीवाली डबीही चालते. बिजागरीच्या फटीतून वायू सुटतो, त्यामुळे तिला बहुधा वेगळं भोक पाडावं लागत नाही. पण त्याच फटीतून थंड होताना हवा आत शिरते आणि त्या बाजूचं कापड राख होतं. म्हणून ती निखाऱ्यावरून उतरवली की लगेच उलटी करून कोरड्या मातीत दाबायची. जास्त कापड करायचं असेल तर दूध पावडरचा किंवा कॉफीचा, चमच्याच्या दांड्यानं उचकटायच्या झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या. स्वयंपाकघरातली स्टीलची चटणीची डबीही होते. पत्रा निळसर पडतो, थोडा वाकतो, पण टिकते. मात्र एकदा या कामाला लावलेली डबी पुन्हा खाण्याच्या कामाला घ्यायची नाही. आत डांबराचा थर बसतो.

काय घेऊ नये तेही सांगतो, कारण इथेच माणसं इजा करून घेतात. फिरकीच्या झाकणाची बरणी किंवा डबा नको : वायू कोंडला तर फुटतो. स्प्रेचा डबा रिकामा असला तरी नको. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, म्हणजे बादलीचा, पन्हाळीचा, अजिबात नको. जस्त ४२० अंशाला वितळतं, त्याहून तापलं तर त्याचा धूर होतो आणि तो छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. थंड पेयाचा ॲल्युमिनियमचा डबा निखाऱ्यावर कसाबसा टिकतो, पण ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं आणि वारा लागलेली आगटी त्याच्या पुढे सहज जाते. पत्र्याच्या डब्यावरचा कथलाचा मुलामा मात्र २३२ अंशालाच वितळतो, त्यानं कामात काही अडत नाही. आतला पत्रा पोलादी असतो, तो दम धरतो.

आता कृती. झाकणाच्या मधोमध बारीक खिळ्यानं एकच भोक, दीड-दोन मिलिमीटरचं. कापड डबीपेक्षा थोडं लहान कापायचं आणि एकावर एक सैल ठेवायचं. ठासून भरलं तर मधली घडी कच्ची राहते. डबी गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर ठेवायची, धडधडत्या जाळात नाही. थोड्या वेळात भोकातून पांढरा-पिवळट धूर जोरात यायला लागतो. कधी तो धूरच पेट घेतो आणि भोकावर समईच्या वातीएवढी ज्योत उभी राहते. घाबरू नका, ते वायू जळतायत, जळू द्या. लहान डबीला हे सगळं दहा-पंधरा मिनिटं चालतं, मोठ्या डब्याला जास्त. पण घड्याळापेक्षा धुराकडे लक्ष ठेवा. धूर विरळ होत होत थांबला की डबी सांडशीनं उचलायची आणि त्याच क्षणी भोकात बाभळीचा काटा खोचायचा. आमच्या बांधावर काटे भरपूर, म्हणून काटा. काडीचं टोक तासून घेतलंत तरी चालेल.

आणि मग थांबायचं. डबी तळहातावर घेता येईल इतकी गार झाल्याशिवाय उघडायची नाही. गरम कापडाला हवा लागली की ते स्वतःहून फुलतं आणि तुमच्या डोळ्यांदेखत राख होतं.

नीट झालेलं कापड एकसारखं काळं दिसतं, उचलताना तुटत नाही, हलक्या हातानं ताणलं तर अलगद फाटतं. बोटाला काळं थोडं लागतं, फार नाही.

ठिणगी पाडण्याबद्दल थोडक्यात. ठिणगी दगडाची नसते, पोलादाची असते. गारेची धार पोलादाचा सूक्ष्म कीस काढते आणि तो कीस हवेत जळतो. म्हणून पोलाद कडक पाणी दिलेलं, म्हणजे तापवून झटकन गार करून कडक केलेलं हवं. वर्कशॉपमधून टाकाऊ कानस आणा, तिच्या एका कडेचे दाते ग्राइंडरवर घासून काढा, घासताना पाण्यात बुडवत राहा. कड निळी पडली तर तिचं पाणी उतरतं. गार, अकीक आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात रानोमाळ सापडतात. नदीच्या वाळूतले गोटे फोडले तर छान धार येते. नुसता काळा दगड कामाचा नाही. कापड दगडाच्या धारेलगत अंगठ्यानं धरायचं, पोलाद वरून खाली घसरतं मारायचं. डोळ्यांना चष्मा हवाच, दगडाचे कपचे उडतात.

कापडावर लाल ठिपका दिसला की ते नारळाच्या काथ्याच्या नाहीतर उसवलेल्या सुतळीच्या घरट्यात घडी करून ठेवा आणि लांब, संथ फुंकर घाला. जाळ धरला की शेंगांची फोलपटं, मग तुराट्या, मग गोवऱ्या.

ज्यांनी हे केलंय त्यांनी आपापल्या डब्यांबद्दल जरूर लिहा. आमच्याकडे सगळं पॉलिशच्या डबीवर चालतं.

---

पूर्वभाग

मालक, लै कामाचा धागा काढलात. आमचं घर मागावर जगलं, म्हणून कापडाबद्दल मी लिहितो.

सोलापुरी चादर म्हटलं की लोक डोळे झाकून सुती समजतात. भौगोलिक मानांकन मिळालेली अस्सल चादर सुतीच, पण रस्त्यावर त्याच नावानं मिळणाऱ्या सगळ्या चादरी तशा नसतात. स्वस्त मालात पॉलिस्टरचा धागा असतोच. पॉलिस्टर अडीचशे-दोनशे साठ अंशाला वितळतं, म्हणजे कापसाचा कोळसा होण्याच्या आधी. मग डबीत काळा चिकट गोळा निघतो आणि धूरही वाईट.

ओळखायला आमच्याकडे एकच रीत. चादरीच्या दशीतून एक धागा उभा आणि एक आडवा ओढायचा, दोन्ही वेगवेगळे जाळायचे. दोन्ही बघायचे हे विसरू नका, कारण ताणा सुती आणि बाणा मिश्र असं पुष्कळदा असतं. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो, जाळ काढला तरी टोकाला धुमसत राहतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झालं की टोकाला कडक मणी होतो.

माझं मत विचाराल तर चादरीपेक्षा टॉवेल सरस. सोलापूरचे टेरी टॉवेल बहुतेक सुती, आणि त्यांच्या अंगावर जे लूप असतात ना, ते ठिणगी अडकवतात. सपाट कापडावरून ठिणगी घसरून जाते. चादर जाड असते, निखारा जास्त वेळ धरते पण पेट घ्यायला थोडी मंद. जुनं धोतर, पंचा, मलमल झटकन धरतात आणि तेवढ्याच लवकर संपतात. चालू वाऱ्यात मी टॉवेलच घेईन.

कोरं कापड असेल तर आधी गरम पाण्यात धुवा. माग चालवताना ताण्याला कांजी दिलेली असते. ती राहिली तर कापड कडक आणि ठिसूळ होतं.

---

बाळीवेस_कट्टा

वाचायला मजा आली. पण मनापासून विचारतो, खिशात काडीपेटी असताना हा सगळा खटाटोप कशाला? काडी ओढली की आगटी पेटते.

---

माळरान

प्रश्न रास्त आहे. डिसेंबर-जानेवारीत आमच्या रानात भल्या पहाटे आणि संध्याकाळी वारा असतो. काडीचा जाळ वाऱ्यानं विझतो, कोळसा-कापडाचा निखारा वाऱ्यानं वाढतो. हा फरक हातात धरून बघितल्याशिवाय कळत नाही. काडी भिजली तर गेली, पोलाद आणि गारगोटी भिजली तर पुसून घ्या, झालं.

दुसरं असं की घासून पेटणाऱ्या काड्या जॉन वॉकरनं इंग्लंडमध्ये विकायला काढल्या त्या १८२७ साली. त्याआधी साऱ्या जगानं चुली, दिवे, चिलीम, बंदुका असंच काहीतरी करून पेटवल्या. आपल्या भुईकोट किल्ल्याच्या तटावरच्या तोफांना सोऱ्यात भिजवलेल्या सुती दोरीची जामगी लागायची. ती जामगी कुणीतरी आधी पेटवलेली असायचीच. हे सगळं ज्ञान दोनशे वर्षांत घराघरातून पुसलं गेलं. मला ते हाताला परत हवं आहे. काडीपेटी मी फेकून दिलेली नाही, ती पिशवीत असते.

---

रसशाळा

आयुर्वेदाची विद्यार्थिनी म्हणून दोन गोष्टी जोडते, कारण हा प्रकार आपल्याकडे परका नाही.

औषधं करताना आपण दोन प्रकारे वस्तू जाळतो. उघड्यावर, धूर निघून जाऊ देत, ती बहिर्धूम. आणि झाकलेल्या भांड्यात, धूर आतच ठेवून, ती अंतर्धूम. त्रिफळ्याची किंवा मोरपिसाची मषी, म्हणजे औषधी काळी पूड, अंतर्धूम पद्धतीनं करतात तेव्हा तुम्ही वर्णन केलंय तसंच घडतं. वस्तूची राख न होता काळा कोळसा होतो. राख झाली तर मषी बिघडली असं आम्हाला पहिल्याच प्रात्यक्षिकात शिकवतात.

त्यासाठी जे भांडं लागतं ते शरावसंपुट. मातीचे दोन परळ तोंडाला तोंड लावून ठेवायचे आणि सांधा कापडमातीनं लिंपायचा. कापडमाती म्हणजे ओल्या चिकणमातीत भिजवलेली कापडाची पट्टी. एक थर वाळला की दुसरा, असे थर द्यायचे. मग गोवऱ्यांचं पुट, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवाची आच.

घरगुती रूप सांगते. दिवाळीच्या उरलेल्या मातीच्या पणत्या सगळ्यांच्या माळ्यावर असतात. एकाच मापाच्या, तोंडं सपाट बसणाऱ्या दोन पणत्या निवडा. एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धरा, फट दिसली तर कडा खरबरीत फरशीवर पाणी घालून घासा. पणतीचं चोचीसारखं टोक असतं ती जागा दोन्हीकडची जुळवून ठेवा, तिथे आपोआप लहान वाट राहते, वेगळं भोक पाडायला नको. बाकीचा सांधा कापडमातीनं बंद करा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. ओली पणती निखाऱ्यावर ठेवली तर तडकते. तेल मुरलेली पणती घेऊ नका, ती आधी धूर काढत बसते आणि तुमचा अंदाज चुकतो.

माती हळू तापते आणि हळू निवते, म्हणून कापड एकसारखं होतं. पत्र्याच्या डबीत तळाचं कापड जास्त आणि वरचं कमी भाजतं तसं इथे होत नाही. गार होताना त्या टोकाच्या वाटेवर ओल्या मातीची गोळी दाबायची. तोटा एकच, दर वेळी लिंपण फोडावं लागतं आणि त्यात कधीकधी पणती जाते.

---

माळरान

ताई, हे मला नवीन आहे आणि फार मोलाचं आहे. टोकाची वाट वापरायची कल्पना तर उत्तमच. एक विचारतो, कापडमातीला शेतातली काळी माती चालेल का?

---

रसशाळा

काळी माती वाळताना फार आकसते, भेगा पडतात. तुमच्या रानातली कपाशीची जमीन बघा, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, लिंपणात लहान प्रमाणात तेच होईल. कुंभाराकडची माती आणा किंवा मुलतानी मातीत थोडी बारीक चाळलेली वाळू मिसळा.

---

सीनाकाठ

आमच्या आजोबांच्या चंचीत पान, सुपारी, तंबाखू आणि चुन्याची डबी यांच्याबरोबर एक वेगळा कप्पा होता. त्यात गारगोटी, नालाच्या आकाराचा पोलादाचा तुकडा आणि बोटभर लांबीची नळी. नळीत सावरीचा कापूस दाबून भरलेला. कापसाचं टोक काळं असायचं. ते टोक थोडं बाहेर ओढून ठिणगी पाडायचे, चिलीम पेटली की कापूस आत ओढून नळीवर झाकण ठेवायचे. हवा बंद, निखारा विझला, आणि पुढच्या वेळेसाठी टोक काळंच राहिलं. तुमची पॉलिशची डबी आणि आजोबांची नळी एकाच तत्त्वावर चालतात हे आज लक्षात आलं.

सावरीची झाडं आता आमच्या शिवारात दिसत नाहीत. रुईच्या बोंडातला कापूस चालेल का, कुणी बघितलंय?

---

पूर्वभाग

रुईचा कापूस लै हलका, बे. धागा होतच नाही त्याचा, डबीत भाजला तर हात लावला की पीठ. नळीत घट्ट दाबून आजोबांसारखं नुसतं टोक काळं करून ठेवा, तसं कदाचित निभेल. देवघरातल्या फुलवाती मात्र डबीत छान होतात. सैल कापूस, पण पीळ दिलेला असतो म्हणून आकार टिकतो. एकेक उचलून वापरता येते.

---

कुर्डुवाडी_जंक्शन

काल पॉलिशच्या डबीत जुन्या बनियनचं कापड लावलं. उघडल्यावर मधलं कापड तपकिरी, कडा मात्र पांढरट आणि राखेच्या. एकाच डबीत कमी आणि जास्त दोन्ही कसं झालं?

---

माळरान

दोन वेगळ्या गोष्टी एकदम घडल्यात. तपकिरी म्हणजे कच्चं. घड्या दाबून भरल्या असतील किंवा धूर पूर्ण थांबायच्या आधी डबी काढली असेल. तपकिरी कापड फेकू नका, तीच डबी परत निखाऱ्यावर ठेवा, उरलेला धूर निघून जाईल. मधूनच डबी चिमट्यानं पालथी करत राहिलं तर वरच्या बाजूलाही आच लागते.

कडांची राख म्हणजे सांध्यातून हवा शिरली. झाकण वाकलंय का बघा. वाकलं असेल तर गार करताना डबी मातीत पुरा, नुसतं भोक बुजवून भागणार नाही. आणि बनियनचा शिवणीचा दोरा बहुतेक पॉलिस्टरचा असतो, शिवणी आणि इलॅस्टिक कापून टाका.

---

गवताळ

एक कळकळीची विनंती. हे सगळं उन्हाळ्याच्या तोंडाला माळावर करू नका. मी नान्नजच्या बाजूचा आहे. पावसाळ्यानंतर कुसळीचं गवत वाळून पिवळं पडतं आणि फेब्रुवारीपासून एक निखारा वाऱ्यानं उडाला तरी एकरच्या एकर माळ काळा होतो. माळढोक जमिनीवर अंडी घालतो, तित्तीर, धाविक हेही जमिनीवरच. खोकड आणि लांडग्यांची बिळं त्याच गवतात. नान्नजचं अभयारण्य १९७९ सालचं आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्याला धोका होईल अशा रीतीनं विस्तव करायला किंवा पेटता सोडायला सरळ मनाई आहे.

कोळसा-कापडाचा धोका असा की त्याला जाळ नसतो. तुकडा हातातून पडला तर गवताच्या मुळाशी धुमसत राहतो, दिसत नाही, आणि तुम्ही निघून गेल्यावर पेटतो. वापरून झालेला तुकडा पाण्यात बुडवल्याशिवाय टाकू नका. आगटीची जागा नांगरलेल्या रानात घ्या, भोवती दोन हात जमीन कडबा-पाचोळा काढून साफ करा, शेजारी पाण्याची घागर ठेवा. कडब्याची गंज वाऱ्याच्या दिशेला नाही हे बघा.

---

माळरान

तुमचं म्हणणं शब्दशः मान्य. मूळ लेखातच यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. आमची आगटी ज्वारीच्या पट्टीच्या बाहेर, पाटाच्या कडेला, उघड्या जमिनीवर असते.

त्याला जोडून घरातल्यांसाठी : डबीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. स्वयंपाकघरातल्या गॅसवर खिडकी उघडून केलं तरी नको. फ्लॅटमध्ये राहत असाल तर गच्चीवर शेगडी न्या, आणि वाळत घातलेल्या कपड्यांपासून लांब बसा.

---

घाटवाट

पुण्यातून लिहितोय. सह्याद्रीत भर पावसात जातो तेव्हा हे कापड टिकेल का? सोलापूरच्या कोरड्या हवेत ठीक आहे, पण आमच्याकडे चार महिने सगळंच ओलं.

---

माळरान

कोळसा हवेतला ओलावा ओढतो, त्यामुळे उघडं राहिलं तर ठिणगी धरत नाही. घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, आणि डबी शर्टाच्या आतल्या खिशात. ओला हात लावायचा नाही, चिमट्यानं उचला. दमट झालं तर फेकू नका, बंद डबीतच पुन्हा तापवा, ओल निघून जाते.

पावसात खरी अडचण कापडाची नसते, पुढच्या काथ्याची असते. काथ्याही घरून कोरडा न्या. आणि साधं पोलाद न नेता फेरो रॉड, म्हणजे घासली की ठिणग्या देणारी मिश्रधातूची कांडी, नेलीत तर ठिणगी कितीतरी जास्त तापलेली मिळते, थोडा दमटपणा ती झेलते.

---

शाळेची_घंटा

पाचवी-सहावीच्या मुलांना दाखवायचं मनात आहे. पोलाद-गारगोटी मुलांच्या हातात द्यायला धीर होत नाही. दुसरा काही मार्ग?

---

माळरान

बाई, भिंग वापरा. सोलापूरचं ऊन काय कमी आहे का! सकाळी दहानंतर साध्या वाचायच्या भिंगानं कोळसा-कापडावर उन्हाचा ठिपका बारीक करून धरला की बघता बघता धूर येतो आणि लाल कडा सरकायला लागते. शेजारी तसंच पांढरं सुती कापड ठेवा आणि त्याच्यावर तेवढाच वेळ भिंग धरा. पांढरं कापड बराचसा उजेड परतवतं, काळं शोषून घेतं, आणि शिवाय त्याचा पेट घेण्याचा अंश खाली आलेला असतो. मुलांना दोन्ही गोष्टी एकदम दिसतात.

कापड स्टीलच्या ताटलीत ठेवा, ताटली जमिनीवर, शेजारी पाणी. भिंग एका वेळी एकाच मुलाच्या हातात, आणि सूर्याकडे भिंगातून बघायचं नाही हे आधी बजावून सांगा. भाजण्याचं काम मुलांसमोर करू नका, तयार कापड घेऊन जा. डबी मात्र दाखवा, भोकासकट.

---

शाळेची_घंटा

फारच छान. पांढऱ्या-काळ्याची जोडी तर विज्ञानाच्या तासाला अगदी नेमकी बसते. तयार कापड करायला सुती चिंध्या कुठे मिळतील? बाजारातला टॉवेल कापायला जिवावर येतं.

---

पूर्वभाग

बाई, टॉवेल कापू नका. कडा कापताना निघालेल्या पट्ट्या आमच्याकडे पोत्यानं पडलेल्या असतात. इथे खासगी निरोप टाका, दोन्ही बाजूंचा धागा जाळून बघतो, कांजी काढून धुतो आणि मगच देतो. पैसे नकोत. फक्त रंगीत आणि पांढऱ्या वेगळ्या मागा, तुम्हाला प्रयोगाला पांढऱ्याही लागतील.